जावयाकडे पावती मागायची नसते

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा तुमच्या आईचा फोन आला. तिकडे तुमची सुट्टी तोंडावर आलेली, आणि ज्या कंपनीच्या विमानानं तुम्ही जाणार होतात ती कंपनीच बंद पडली. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?" ती म्हणाली, "काय करणार आई? सगळ्यांचंच गेलं." मागून थोरल्याचा आवाज आला, "इट्स गॉन, आजी." धाकटीनं रडून घेतलं होतं, असंही कळलं.

हे "गेलं" मला पटलेलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "हो आजी" म्हणून विसरला असता, म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू दे. माझं इंग्रजी तुमच्याइतकं चटपटीत नसलं तरी खणखणीत आहे. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजीत आणली की परकी होतात. आणि ही गोष्ट तुम्हाला याच आठवड्यात कळायला हवी, पुढच्या महिन्यात कळून उपयोग नाही. का, ते शेवटी येईल.

तुम्ही पाहिलेलं रायपूर विमानतळावरून घरी येणाऱ्या रुंद रस्त्याचं. मी कचेरीत होते तेव्हाचं रायपूर नुकतंच राजधानी झालेलं होतं. भोपाळहून फायलींचे गठ्ठे लाल कापडात बांधून ट्रकनं आले, ते सोडून लावणाऱ्यांत मी होते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून कचेरीतला इंग्रजी पत्रव्यवहार आयुष्यभर माझ्याकडेच राहिला. कुठलंही पत्र आलं की आवक नोंद, गेलं की जावक नोंद. घरीसुद्धा गॅसची पावती, नळाची पावती, दळणाचा हिशेब, सगळं ओळीनं लावलेलं. तुमचे आजोबा चिडवायचे, "हिच्याकडे श्वास घेतल्याचीही पोच मिळते."

मी निवृत्त झाले त्या सुमाराला आमच्या महिला मंडळात एक टूम निघाली. मंडळ म्हणजे शंकर नगर, पंडरी आणि रेल्वे कॉलनीतल्या मराठी बायका. कुणाचे नवरे रेल्वेत, कुणाचे वीज मंडळात, कुणाचे भिलाईला. सगळ्यांची मुळं नागपूर, वर्धा, अमरावतीकडची. वर्षातून तीन कार्यक्रम व्हायचे: संक्रांतीचं हळदीकुंकू, कोजागिरी, आणि एक भाषण, ज्याला कुणी यायचं नाही. एका कोजागिरीला कुणीतरी म्हणालं, आपण बायका-बायकाच कुठे तरी जाऊ या. केरळात. विमानानं.

घरोघरी उत्तर एकच मिळालं: "एकट्या कशा जाल?"

"नऊ जणी एकट्या कशा?" मी तुमच्या आजोबांना विचारलं.

"सोबत कुणी नसलं म्हणजे एकट्याच," ते म्हणाले.

शेवटी नवरेमंडळींनी मिळून परवानगी दिली, पण ती कशी दिली ते लक्षात ठेवा. एकदा जाऊन या, म्हणाले. काही गडबड झाली की पुन्हा विषय काढायचा नाही. हसत हसत म्हणाले, पण म्हणाले. आमच्यापैकी सात जणींनी आयुष्यात एकही प्रवास असा केला नव्हता ज्यात तिकीट दुसऱ्याच्या खिशात नव्हतं. ही सहल मोडली असती तर नुसती सहल मोडली नसती. पुढचा दरवाजाही बंद झाला असता, आणि बंद करणाऱ्यांना तो बंदच करायचा होता.

आता चूक सांगते. ती आमच्यासारखीच माणसं करतात.

त्या वर्षी भाद्रपद दोनदा आला. असा जास्तीचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, आणि तेहेतीस अनारसे तबकात ठेवून वाण द्यायचं. पंडरीच्या वहिनी, म्हणजे मंडळातल्या आमच्या सगळ्यात मायाळू बाई, त्यांचे जावई शंकर नगरात सहलींची कंपनी चालवायचे. कपड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर ऑफिस, टेबलावर हातभर लांबीचं खेळण्यातलं विमान. केरळची सहल दुसऱ्या कुणाकडे द्यायचा प्रश्नच नव्हता. आपला माणूस, त्यातून जावई.

वहिनींनी सुचवलं, जवाईबापू धोंड्याच्या जेवणाला येताहेत, त्याच दिवशी पैसे देऊ. मग काय, गोल बाजारातून तांब्याचं नवं तबक आणलं. अनारसे रचले, वर सुपारी आणि खण ठेवला, आणि खाली पाकीट. नऊ जणींचे रोख पैसे, पाकिटाला कुंकवाचं बोट. जावई पाटावर बसलेले, आम्ही सगळ्या भोवती.

आमच्यातली एक बाई रायपूर स्टेशनात आरक्षणाच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेली होती. तिला आम्ही खिडकीताई म्हणायचो. ती रेल्वे कॉलनीतली, बौद्ध कुटुंबातली, मंडळात सगळ्यात उशिरा आलेली. पाकीट तबकात ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "पावती कधी भेटन?"

मग पंडरीच्या वहिनींच्या शेजारची बाई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "अवो, जवायाले पावती मागतात का? तुमच्यात मान नसतो का जवायाचा?"

खिडकीताईनं पदर सारखा केला आणि गप्प बसली. आणि मीही गप्प बसले. दळणाची चिठ्ठी जपणारी मी. मला ठाऊक होतं की ती बरोबर बोलते आहे आणि तिला बोललेलं वाईट आहे. तोंडात अनारसा होता, तो मी चावत राहिले.

सहल दिवाळीनंतरची होती. नवरात्रात, पाचव्या माळेला, आजोबा टीव्हीसमोरून ओरडले, "या, पाहा! तुमचं विमान!"

बातमीत विमानं ओळीनं उभी दाखवत होते आणि बाई सांगत होती की कंपनीनं सगळी उड्डाणं थांबवली, पुढचं काही सांगता येत नाही. आजोबांनी आवाज मोठा केला.

"उडायला निघाल्या होत्या," ते म्हणाले. "आले ना पाय जमिनीवर?"

"जमिनीवरूनही जाता येतं," मी म्हणाले. त्या क्षणी माझ्या मनात काही योजना नव्हती. नुसता राग होता.

दोन दिवसांनी पंडरीच्या वहिनींकडे फोन केला तर त्या रडतच होत्या. जवाईबापू फोन घेत नव्हते. मुलगी म्हणत होती, आई, त्यांना त्रास देऊ नका, दिवसभर लोक येऊन शिव्या देतात. मंडळातल्या दोघींनी तोवर वहिनींशी बोलणं सोडलंही होतं. बाकीच्या म्हणत होत्या, जाऊ द्या, नशिबात नव्हतं, जावयाच्या दारात जाऊन भांडणार का? मी फोन ठेवला आणि रेल्वे कॉलनीत गेले.

खिडकीताई अंगणात मिरच्या वाळवत होती. मला बघून म्हणाली, "आल्या? मले वाटलंच होतं."

"काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? चाला. हापिस उघडं आहे तोवर गेलं पाहिजे. एकदा शटर खाली पडलं का मंग नुसते पत्र लिहीत बसा."

"वहिनींना वाईट वाटेल."

"वाटू द्या. त्यायलेही संग घ्या. सासूसमोर खोटं बोलाले जड जाते."

पंडरीच्या वहिनी यायला तयार नव्हत्या. "मी कशी येऊ? माझ्या पोरीचं सासर आहे ते. मी तिथं जाऊन हिशेब मागू?" खिडकीताईनं त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायाशी ठेवल्या. आम्ही तिघी रिक्षानं शंकर नगरला गेलो.

शटर अर्धं खाली होतं. आम्ही वाकून आत शिरलो. जावई खुर्चीत बसलेले, दाढी वाढलेली, दोन फोन टेबलावर उलटे ठेवलेले. सासूबाईंना पाहून उभे राहिले, पाया पडले. ते घरचे मराठीच, पण इथल्या नव्या पिढीसारखे बोलायचे हिंदीत.

"मौसीजी, मेरे हाथ में कुछ नहीं है," ते मला म्हणाले. "एयरलाइन ही बैठ गई. मेरा खुद का पैसा फँसा है."

"विमानाचं कळलं," मी म्हणाले. "हॉटेलचं काय? होडीतल्या मुक्कामाचं काय?"

"पैकेज है ना मौसीजी. पूरा एक साथ है. फ्लाइट गई तो पैकेज गया. आप कल आइए, मैं देखता हूँ."

तेव्हा खिडकीताई समोरची खुर्ची ओढून बसली.

"बाबू," ती म्हणाली, "मी तीस वर्षं खिडकीच्या त्या बाजूला बसली. रोज लोकायले म्हणायची, उद्या या. उद्या म्हणजे काय ते मले माहीत आहे. कागद दाखव."

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. मग जावयांनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. पत्रव्यवहार इंग्रजीत होता, आणि इंग्रजी पत्रं वाचण्यातच माझा जन्म गेला होता. मी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचलं.

त्यात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाबतीतही असंच काहीतरी असणार. विमान वेगळं होतं आणि हॉटेल वेगळं. हॉटेलला अर्धी आगाऊ रक्कम पोचलेली होती, होडीवाल्याला पूर्ण. ते दोघेही अगदी ठणठणीत होते, केरळात बसून आमची वाट बघत होते. "पॅकेज" हा शब्द फक्त रायपुरातल्या त्या टेबलावर होता. पण आमचं एकीचंही नाव तिथं नव्हतं. आरक्षण कंपनीच्या नावावर, "नऊ व्यक्ती" एवढंच. आणि शेवटच्या पत्रात एक ओळ होती: मुक्कामाच्या तीस दिवस आधी रद्द केल्यास रक्कम कंपनीला परत मिळेल. ती मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

मी जावयांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"रद्द करणार होता?"

"मौसीजी, नीचे लोग पत्थर लेके आते हैं. किसी को तो देना पड़ेगा."

म्हणजे जे दगड घेऊन येत होते त्यांना आमची सहल विकून पैसे मिळणार होते, आणि आम्ही मान राखत घरी बसणार होतो. त्या माणसाचा मला राग आला असं म्हणवत नाही. तो बुडत होता आणि हाताला लागेल ते धरत होता. पण आम्ही त्याच्या हाताला लागलो होतो, कारण आम्ही आवाज करणार नाही हे त्याला माहीत होतं. याचा मात्र मला राग आला, आणि तो अजून आहे.

मी हॉटेलला फोन लावला. तिकडचे व्यवस्थापक सभ्य होते. मी इंग्रजीत सगळं सांगितलं: विमान कंपनी बंद पडली आहे, तुमच्या पाहुण्या मात्र बंद पडलेल्या नाहीत, आम्ही येणार आहोत, आरक्षण आमच्या नावांवर करून घ्या. ते म्हणाले, मॅडम, काही अडचण नाही, पण कंपनीच्या कागदावर पत्र हवं, शिक्का आणि सही हवी, प्रत्येक पाहुणीचं ओळखपत्रावरचं पूर्ण नाव हवं. आज संध्याकाळपर्यंत पाठवा.

मी जावयांकडून कंपनीचा कागद मागून घेतला आणि मसुदा लिहायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद झाला, नावांची जागा आली, आणि माझा हात थांबला.

मला नावं माहीत नव्हती.

बारा वर्षं एकमेकींना कुंकू लावत होतो. पंडरीच्या वहिनी, भिलाईच्या काकू, वीज मंडळाच्या ताई, कोपऱ्यावरच्या मामी. आडनावं माहीत, नवऱ्यांची नावं माहीत, पोरांचे टक्के माहीत. त्या बायकांची स्वतःची नावं मला सांगता येईनात. नऊपैकी मी तीन लिहू शकले, त्यातलं एक माझं होतं. खिडकीताईचंसुद्धा मी तिला विचारून लिहिलं. ती मोठ्यानं हसली. "पहा! आता कळलं मी खिडकीवर काहून नाव विचारायची?"

मग ती फोनवर बसली आणि मी लिहीत गेले. एकेकीला तिचं नाव विचारायचं. भिलाईच्या काकू म्हणाल्या, "कुठलं सांगू? लग्नातलं की माहेरचं?" लग्नात नवऱ्यानं तांदळात लिहिलेलं नाव घरात चालायचं, आणि ओळखपत्रावर शाळेतलं होतं. चाळीस वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. "ते लिहा मग," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "बरं वाटून राहिलं सांगताना." एकीच्या घरी फोन तिच्या नवऱ्यानं घेतला. ते म्हणाले, कशाला पाहिजे नाव, सहल तर रद्द झाली. खिडकीताई त्यांना म्हणाली, "भाऊसाहेब, चौकशी खिडकी बंद आहे. बाईंना फोन द्या."

दुपार कलली तेव्हा पत्र तयार झालं. नऊ पूर्ण नावं, एकाखाली एक. फक्त सही राहिली होती. जावयांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"मम्मीजी," ते सासूबाईंना म्हणाले, "मैं साइन कर दूँगा तो मेरे पास लौटाने को कुछ नहीं बचेगा. आप समझाइए ना इनको."

पंडरीच्या वहिनी तोवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी कॅलेंडरवरची नजर काढली.

"जवाईबापू, सही करा."

"मम्मीजी..."

"तुमचा मान मी केला. तेहेतीस अनारसे स्वतःच्या हातानं तळले. या बायांनी माझ्यावर विश्वास टाकला, तुमच्यावर नाही. तुम्ही सही नाही केली तर मी इथून उठत नाही. उद्या लोक दगड घेऊन येतील तवा पहिली मी बसली दिसीन."

त्यांनी सही केली. शिक्का मी स्वतः मारला, सरळ मारला. पत्र तिथूनच फॅक्स केलं, आणि "मिळालं, नऊही नावं नोंदली" असा तिकडून उलट कागद येईपर्यंत आम्ही तिघी हाललो नाही. त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या.

उतरताना जिन्यात वहिनी थांबल्या. त्यांनी हातातल्या दोन बांगड्या काढायला घेतल्या. म्हणाल्या, विमानाचे पैसे मी भरून देते, आणि मी काही येत नाही तुमच्यासोबत, तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

"घाला त्या बांगड्या," खिडकीताई म्हणाली. "फोटोत चांगल्या दिसतील. आन् तिकिटाच्या फॉर्मवर तुमचं नाव जाणार आहे. उद्या माझ्या खिडकीवर खाडाखोड चालत नाही."

तिकीट कशाचं, तर गाडीचं. रायपूरवरून केरळला आठवड्यातून दोनदा गाडी जाते. खिडकीताई दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच्या जुन्या कचेरीसमोर रांगेत उभी राहिली, इतरांसारखी, पाचव्या नंबरवर. एका फॉर्मवर सहाच नावं मावतात, म्हणून दोन फॉर्म भरले. थंड डबा भरलेला होता, साधा स्लीपर मिळाला. सात जणींना बर्थ, दोघींना बसायला जागा.

घरी येऊन मी आजोबांना तिकीट दाखवलं.

"दोन रात्री? स्लीपरमध्ये? या वयात?"

"हो."

"गुडघे?"

"तेही येणार आहेत."

ते काही वेळ तिकीट उलटसुलट करत राहिले. विमानाच्या पैशांचं त्यांनी विचारलं, आणि मी खरं सांगितलं की ते गेले. तुम्हालाही खरंच सांगते. विमान कंपनीकडे आम्ही नऊ अर्ज केले, नऊ पोचपावत्या आल्या, पैसे कधीच आले नाहीत. आम्ही पैसे पाकिटातून रोख दिले होते, त्यामुळे बँकेत जाऊन सांगण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. हॉटेलची उरलेली अर्धी रक्कम आणि गाडीभाडंही आम्ही पुन्हा पदरचं भरलं. जे वाचवता येण्यासारखं नव्हतं ते गेलं. पण त्याच्या मागोमाग जे उगाच जाऊ दिलं जात होतं, ते आम्ही जाऊ दिलं नाही.

गाडीत दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या झोपल्या असताना मी खिडकीताईला म्हणाले, "त्या दिवशी तुला बोलल्या तेव्हा मी गप्प बसले."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पाहून राहिली होती मी तुमच्याकडे." मग तिनं डब्यातला चिवडा माझ्यापुढे केला. तिनं माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही तसं धरून चालले नाही. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र मी सगळ्यांसमोर म्हणाले की त्या दिवशी एकच बाई बरोबर होती आणि आपण तिला तिची जात दाखवली. दोघी उठून गेल्या. गेल्या तर गेल्या.

हॉटेलात पोचलो तेव्हा आमच्या साड्यांचे बोळे झालेले, केसांत प्रवासाची धूळ. काउंटरवरच्या मुलीनं यादी काढली आणि नावं वाचू लागली. नुसती पहिली नावं, तिच्या मल्याळी उच्चारात. एकेक बाई पुढे होऊन "यस" म्हणत होती, शाळेतल्या हजेरीसारखी. भिलाईच्या काकूंचं नाव आलं तेव्हा त्या उठल्याच नाहीत. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे वळलो. "अगं बाई, मीच ती," म्हणून त्या धावल्या आणि आम्ही हसता हसता खाली बसलो. होडीत पंडरीच्या वहिनींनी पाण्यात पाय सोडले आणि दोन तास तिथून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र भजी कशी तळतात ते बघायला त्या खानसाम्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्याला न कळणाऱ्या मराठीत सूचना देत होत्या.

परत आलो तेव्हा आजोबा स्टेशनवर होते. म्हणाले, "झाली हौस?"

"पुढच्या वर्षी राजस्थान," मी म्हणाले.

आता तुमचं. मी तुमच्या आईला विचारलं, पैसे कसे दिले होते? ती म्हणाली, सहलीच्या एका कंपनीला, कार्डानं. मग बाळांनो, आजच्या आज तिला बँकेला लेखी कळवायला सांगा की ज्या सेवेचे पैसे घेतले ती सेवा मिळणार नाही, आणि रक्कम परत हवी. बँकेला याची मुदत असते. "बघू" म्हणत बसलात तर ती संपेल, म्हणून हे याच आठवड्यात कळायला हवं होतं. सहलीच्या कंपनीनं पैशांऐवजी पुढच्या वर्षाचं कूपन देऊ केलं तर घेऊ नका. बुडणाऱ्याच्या कूपनावर कोण जाणार? आणि हॉटेलला तुम्ही स्वतः फोन करा, मधल्या माणसाला करायला लावू नका. विचारा, आरक्षण कुणाच्या नावावर आहे, किती पैसे पोचले, कधीपर्यंत रद्द करता येतं. बहुतेक हॉटेल तुमची वाट बघत बसलेलं असेल. आणि धाकटे, तू मला हॉटेलचा पत्ता लिहून पाठव, गाडी मी शोधून देते, रेल्वे तिकडेही असते.

आणि कुणी म्हणालं की आपल्या माणसाकडे असं मागायचं नसतं, तर त्याला सांगा, आमच्या आजीनं मागितलं होतं.

जवाईबापूंची कंपनी त्याच हिवाळ्यात बंद झाली. ते नागपूरला नोकरीला गेले, वहिनींची मुलगी त्यांच्यासोबत आहे, दोघांचं बरं चाललं आहे. तुमचे आजोबा गेले. भिलाईच्या काकू गेल्या, आणखी तिघी गेल्या. आम्ही पाच जणी आहोत. दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही जातो. पैसे जिचे ती देते, पावती जिची ती घेते, आणि आरक्षण पाच वेगवेगळ्या नावांवर असतं. या वर्षीचं झालेलं आहे.